पंधरवड्याचे पान

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात सोलापुरातील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी वडिलांच्या वर्षश्राद्धाचा दिवस चुकला. तिथी वद्य अष्टमी. घरात दरसाल येणारे छापील पंचांग त्या वर्षी कोणी आणले नव्हते. सगळे मोबाइलवर मिळते, असा मुलांचा युक्तिवाद होता आणि तो सर्वस्वी खोटाही नव्हता. धाकट्या मुलाने पुण्याहून एक संकेतस्थळ उघडून पाहिले. त्यावर ‘तिथी’, ‘नक्षत्र’, ‘मुहूर्त’, ‘सण-उत्सव’ असे टॅब ओळीने मांडलेले होते. ‘तिथी’वर बोट ठेवताच एका दिवसापुढे सप्तमी आणि दुसऱ्या दिवसापुढे अष्टमी दिसली, म्हणून दुसरा दिवस ठरला. नेहमीचे गुरुजी परगावी असल्याने ऐनवेळी दुसरे आले. संकल्पापूर्वी त्यांनी पिशवीतून आपले पंचांग काढले, त्या ओळीवर बोट फिरवले आणि म्हणाले, “अष्टमी आज सकाळीच दहा वाजून वीस मिनिटांनी संपली. अपराह्णी नवमी आहे. श्राद्ध काल करायला हवं होतं.”

मोबाइलने खोटे सांगितले नव्हते. सूर्योदयाला जी तिथी चालू असते ती त्या दिवसाची तिथी, हा व्यवहाराचा नियम त्याने पाळला होता. श्राद्धाला मात्र अपराह्णव्यापिनी तिथी घ्यावी लागते. दिवसाचे पाच भाग केले, तर अपराह्ण हा चौथा; हिवाळ्याच्या लहान दिवसांत तो साधारण दीड ते पावणेचारच्या दरम्यान येतो. आदल्या दिवशी सप्तमी अकराच्या सुमारास संपून अष्टमी लागली होती आणि दुपारभर ती होती. ही गोष्ट कळण्यासाठी तिथीच्या नावाशेजारी तिची समाप्तीची वेळ दिसायला हवी. त्या संकेतस्थळावर ती होती. पण ‘सविस्तर’ नावाच्या आणखी एका टॅबाखाली. तो कोणी उघडला नाही. संकेतस्थळाचे नाव येथे अप्रस्तुत आहे. ते सोलापूरचे नव्हते, एवढेच सांगतो.

हे सांगण्याचे कारण असे, की माहिती पानावर कशी मांडावी, किती उघडी ठेवावी आणि किती झाकावी, हा प्रश्न हल्ली संगणकवाल्यांचा समजला जातो. वास्तविक मराठी मुलखात हा प्रश्न पंचांगकर्त्यांनी शेकडो वर्षे हाताळला आहे, आणि त्याचे एक ठळक उत्तर सोलापुरातच छापले जाते. लक्ष्मणशास्त्री ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथून सुरू केलेल्या पंचांगाने शंभरी केव्हाच ओलांडली. त्यांच्यानंतर धुंडिराजशास्त्री आणि मग मोहन दाते यांनी ते चालवले. गिरण्यांचे आणि चादरींचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराचे नाव महाराष्ट्रातील असंख्य देवघरांत पोहोचले ते मात्र या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून.

पंचांगाचे नेहमीचे पान एका पक्षाचे, म्हणजे पंधरवड्याचे असते. डाव्या कडेने दिवस उतरत जातात आणि आडव्या ओळीत तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगे येतात. तिथी, नक्षत्र, योग आणि करण यांच्याशेजारी त्यांच्या समाप्तीची वेळ. पुढे चंद्राची रास, सूर्योदय, सूर्यास्त, इंग्रजी तारीख, मुसलमानी तारीख आणि शेवटी सर्वांत रुंद रकान्यात त्या दिवसाचा शास्त्रार्थ: व्रत कोणते, भद्रा केव्हा लागते, केव्हा सुटते, अमुक श्राद्ध आज की उद्या. खाली ग्रह व कुंडली. वीतभर रुंदीच्या कागदावर एवढा मजकूर बसवायचा म्हणून अक्षरे आखडावी लागतात; ‘भ.प्र.’, ‘भ.नि.’ अशी संक्षेपांची एक भाषाच तयार झाली आहे. नवख्याला हे पान काटेरी कुंपणासारखे वाटते. पण ज्याला वाचता येते त्याला एका ओळीत तो दिवस अख्खा दिसतो, आणि वरची-खालची ओळ नजरेच्या टप्प्यात असल्याने कालचा आणि उद्याचाही दिसतो.

या कोष्टकाचा खरा कस लागतो तो चंद्रामुळे. तिथी कधी एकोणीस-वीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते. सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयापूर्वी संपली, तर ती कोणत्याच सूर्योदयाला सापडत नाही. तो तिथीचा क्षय. दोन सूर्योदयांना सापडली तर वृद्धी. चौकोनी कोष्टकाला असला पदार्थ सहसा मानवत नाही. पंचांगकर्त्यांनी तो एका ओळीत दोन तिथी घालून, किंवा वेळेच्या जागी ‘अहोरात्र’ असे लिहून मानवून घेतला. मजकूर लवचीक आहे, तेव्हा चौकटीनेच थोडे वाकावे, ही समज त्यात आहे. आजच्या वेबरचनेत जिला प्रतिसादी मांडणी म्हणतात ती याहून फार निराळी नाही. अमेरिकन रचनाकार ईथन मार्कोट यांनी २०१० साली तो शब्द रूढ केला, तेव्हा त्यांच्यापुढे पडद्यांच्या बदलत्या रुंदीचा प्रश्न होता. पंचांगापुढे बदलत्या लांबीच्या दिवसांचा होता.

बदलत्या गावांचाही होता, आणि तेथे तर उत्तर सापडायला बराच काळ जावा लागला. जुनी पंचांगे घटी-पळांत असत. साठ पळांची घटी, साठ घटींचा अहोरात्र. म्हणजे घटी चोवीस मिनिटांची. ही मोजणी स्थानिक सूर्योदयापासून होई. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला तीन अंशांहून थोडे अधिक आहे, त्यामुळे येथे सूर्य सरासरीने बारा मिनिटे आधी, म्हणजे सुमारे अर्धी घटी आधी वर येतो. मुंबईसाठी केलेल्या पंचांगातील आकडा सोलापुरात जसाच्या तसा चालत नसे. जोशाला देशांतराचा आणि चराचा संस्कार करून घ्यावा लागे. प्रत्येक गावाला आपले पान हवे होते, किंवा पान उलगडून सांगणारा माणूस तरी हवा होता.

तो माणूस म्हणजे ग्रामजोशी. बलुतेदारांत त्याची गणना होत असे. पाडव्याला तो दारोदार जाऊन संवत्सरफल वाचून दाखवी, आणि एरवी विचारणाऱ्याच्या गरजेप्रमाणे पोथीतले तेवढेच काढून सांगे: पेरणीला दिवस कोणता, मुलीला सासरी कधी धाडावे, आज प्रवास करावा की नाही. सगळे पान त्याच्या डोळ्यांपुढे असे. ऐकणाऱ्यापर्यंत त्यातली एक फट पोहोचे. आमच्या मते टॅबाचे जुने रूप शोधायचे तर ते या माणसात शोधावे. फरक इतकाच, की ‘अष्टमी कधी?’ असे विचारले तर जोशी उलट ‘कशासाठी?’ असे विचारी. आमच्या स्नेह्यांच्या मोबाइलने तो प्रश्न विचारला नाही, आणि गुरुजींनी पिशवीत हात घालताच विचारला. जोशीपणाचा गौरव करण्याचा येथे हेतू नाही. त्या फटीतून कोणाला किती दिसावे, हे जातीवर आणि हक्काच्या दक्षिणेवर ठरत असे, हेही तितकेच खरे आहे.

जोशी वर्षाचे गणित करी ते मुख्यतः गणेश दैवज्ञाच्या जोरावर. कोकणातील नांदगावच्या या ज्योतिषाने १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचले आणि पुढे ‘तिथिचिंतामणी’त अशी कोष्टके दिली, की ज्यांच्या आधारे सामान्य गणित येणाऱ्यालाही वर्षाचे पंचांग अल्पावधीत उभे करता यावे. ज्या-चापांचे अवघड गणित त्याने बाजूला ठेवले. मजकूर आधीच कोष्टकात बांधून ठेवावा आणि वापरणाऱ्याला नुसती बेरीज-वजाबाकी उरावी, ही युक्ती इतकी सोयीची ठरली, की पुढे तीन शतकांहून अधिक काळ महाराष्ट्रात तीच चालली. आकाशाशी मेळ सुटू लागला तरी चालली. सोयीच्या मांडणीचा हा गुण आणि दोषही असतो, की ती आपल्या आतल्या चुकाही टिकवून धरते.

छपाईने ही घडी मोडली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पंचांग छापले, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसे छापील कागदाला शिवत नसत. त्यांनी चरबीऐवजी तूप वापरून शाई केली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. मुद्दा निव्वळ सोवळ्याचा नव्हता, असे आम्हांस वाटते. छापील पंचांग कोणालाही विकत घेता येत होते आणि अक्षरओळख असलेल्या कोणालाही त्यात डोकावता येत होते. जोशाच्या बोटाखालचे पान घरोघरी उघडे पडले. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून पाश्चात्त्य वेधांवर आधारलेले सूक्ष्म गणित मराठीत आणले आणि १८६५च्या सुमारास त्यावरून निघालेले पंचांग पटवर्धनी म्हणून ओळखले जाऊ लागले. मग आरंभबिंदू रेवतीचा की चित्रेचा, हा वाद पेटला. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर, म्हणजे संक्रांतीत चार दिवसांचे, आणि अधूनमधून अधिक मासच निराळा. लोकमान्य टिळक या वादात उतरले होते. १९०४ सालच्या मुंबईतील ज्योतिष परिषदेत त्याचा खल झाला. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ साली अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. ती सरकारी कागदांच्या मथळ्यावर राहिली. घरात पंचांगच राहिले.

या सगळ्या वादाहून आम्हांला एक मुकाट झालेला बदल मोठा वाटतो. घटी-पळे जाऊन तास-मिनिटे आली. सोलापुरात १८६० साली रेल्वे पोहोचली, १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, आणि तेव्हापासून शहराचा दिवस सूर्याऐवजी भोंग्यावर सुरू होऊ लागला. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. तिचे रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांवर. सोलापूर त्याच्या पश्चिमेला साडेसहा अंश, म्हणून येथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने बारा वाजून सव्वीस मिनिटे झालेली असतात. पण या परक्या घड्याळाने पंचांगाची एक मोठी अडचण सोडवली. चंद्र-सूर्यांतील अंतर बारा अंशांनी वाढले, की तिथी बदलते, आणि हा क्षण सगळ्या पृथ्वीसाठी एकच असतो. तो प्रमाणवेळेत लिहिला, की मुंबई, सोलापूर, नागपूर या सर्वांना एकच आकडा चालतो. गावागणिक बदलतो तो सूर्योदय, आणि त्याचे कोष्टक मागे जोडता येते. एका शहरात गणित करून साऱ्या महाराष्ट्राला एकच पान पुरवता येणे शक्य झाले ते यामुळे. सोलापूरसारख्या आडबाजूच्या समजल्या गेलेल्या गावचे पंचांग प्रांतभर गेले, त्यामागे शास्त्रीबुवांची विद्वत्ता आणि चिकाटी होतीच. घड्याळाचाही वाटा होता.

आणि सोलापूर हे गावही या कामाला साजेसे. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा येथे एका गल्लीत ऐकू येतात. कानडी आणि तेलुगू घरांचा युगादी आणि मराठी घरांचा पाडवा एकाच दिवशी, कारण तिघांचाही महिना अमावास्येला संपतो आणि शक शालिवाहनाचाच. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा मकरसंक्रांतीला बांधलेली, म्हणजे सूर्याच्या रकान्यातली. पद्मशाली समाजाचा मार्कंडेयाचा रथ नारळी पौर्णिमेला, म्हणजे चंद्राच्या. उरूस आणि मोहरम मुसलमानी तारखेच्या रकान्यातले. गिरणीचा पगार इंग्रजी तारखेच्या. एकाच आडव्या ओळीत चौघांचे दिवस शेजारी बसतात. विणकरांच्या शहरात उभ्या-आडव्या धाग्यांची उपमा सहज सुचते. ती आम्ही मोहाने टाळतो, कारण येथे कापडाचा विषय नाही.

१९७३ साली जयंतराव साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ आले आणि पानाची मांडणी मुळापासून बदलली. पंचांगात ओळ पक्षाची होती, ‘कालनिर्णया’त चौकट इंग्रजी तारखेची झाली. तारीख मोठ्या ठशात, तिथी बारीक अक्षरात तिच्या पोटाशी. मागच्या बाजूस लेख, पाककृती आणि भविष्य. ते भिंतीवर टांगले गेले, स्वयंपाकघरातून वाचता येऊ लागले. दूधवाल्याचा हिशेब आणि गॅसची टाकी लावल्याची खूण त्याच चौकटीत पडू लागली. पंचांग पाहायला हात धुऊन देवघरात जावे लागे. दिनदर्शिकेने ती पायरी काढून टाकली. बायकांच्या हाती काळाचा हिशेब खऱ्या अर्थाने आला तो त्या भिंतीवर, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. त्याच वेळी पक्ष मधोमध तुटला. महिना पहिल्या तारखेला सुरू होऊ लागला आणि शुद्ध-वद्याची सलग चढउतार डोळ्यांना दिसेनाशी झाली. कोणता रकाना आधी ठेवावा, ही बाब वरवर सजावटीची दिसते. तिथे मालक कोण, हे ठरत असते.

टॅब ही कल्पना मूळची कचेरीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कार्डांच्या पेट्या आल्या, तेव्हा कार्डांच्या डोक्यावर बाहेर आलेली कानटोपी बसवून विषय शोधण्याची सोय करण्यात आली. आपल्याकडे टेलिफोनच्या डायरीला कडेने कापलेल्या अक्षरांच्या पायऱ्या ज्यांनी वापरल्या आहेत, त्यांना ती कल्पना वेगळी समजावून सांगायला नको. गठ्ठ्यातले प्रत्येक कार्ड स्वतंत्र असते. एक पाहताना दुसरे पाहण्याची गरज नसते. टॅबाचे सगळे यश या गृहीतकावर उभे आहे. संकेतस्थळांनी ते उचलले, मोठ्या दुकानांनी मालाच्या खात्यांसाठी वापरले, आणि पडदा तळहाताएवढा झाल्यावर तर त्याला पर्याय उरला नाही. रुंद पडद्यावर शेजारी दिसणारे टॅब अरुंद पडद्यावर एकाखाली एक पट्ट्या होऊन बसतात. बोट लावले की पट्टी उघडते, मागची मिटते. मराठीची अडचण आणखी निराळी. ‘सूर्योदय-सूर्यास्त’ हा शब्द इंग्रजीच्या मापाने आखलेल्या टॅबात मावत नाही, मग त्याचा ‘सूर्योद...’ होतो. भ.प्र. लिहिणाऱ्या शास्त्र्यांनी निदान पुरा शब्द कोणता, हे वाचकाला शिकवले होते.

छापील पंचांगात टॅब नाहीत असे नाही. प्रारंभी संवत्सरफल, मध्ये पक्षांची पाने, शेवटी विवाहाचे व उपनयनाचे मुहूर्त, ग्रहणे, गुणमेलनाची कोष्टके, मधूनमधून जाहिराती. हे विभाग एकमेकांवाचून वाचता येतात. लग्न ठरवणारा बाप मुहूर्तांची पाने उलटतो, त्याला आजच्या करणाशी कर्तव्य नसते. तेथे टॅब घालावा, खुशाल घालावा. मोबाइलवर ते विभाग वेगळे काढणाऱ्यांनी वाचकावर उपकारच केले आहेत. चूक होते ती ओळ तोडण्यात. तिथी, तिची समाप्ती आणि त्या दिवसाचा शास्त्रार्थ ही तीन कार्डे नव्हेत. ते एकच वाक्य आहे. पडदा कितीही अरुंद असो, करण मिटवावे, योग मिटवावा, चंद्राची रास पट्टीखाली घालावी, पण तिथीच्या नावाला तिची वेळ चिकटलेली राहिली पाहिजे आणि शेजारच्या दिवसाची तिथी न उघडताही दिसली पाहिजे. तंत्राला हे जड नाही. पहिला रकाना जागेवर रोवून बाकीचे सरकते ठेवता येतात; फोन आडवा धरला की लपलेले रकाने परत आणता येतात. हे करायला आधी कोणीतरी ते पान वाचलेले असावे लागते. आणखी एक बारीक गोष्ट: मिटलेल्या टॅबातील मजकूर पानावर शब्द शोधून बहुधा सापडत नाही आणि कागदावर छापतानाही तो बऱ्याचदा गळतो. वाचकाच्या दृष्टीने तो तेथे नसतोच.

पंचांग आता कोण पाहतो, असे आम्हांला विचारले जाईल. आमच्यापैकी काहींची मुहूर्तावर श्रद्धा नाही आणि ज्यांची आहे त्यांच्याशी आमचे वाद चालू असतात. परंतु श्राद्धाच्या त्या घरी प्रश्न श्रद्धेचा राहिला नव्हता. सत्तरी उलटलेल्या त्या बाईंनी आदल्या दिवशी दुपारी, ज्या वेळी पतीची तिथी खरोखर चालू होती, दूरदर्शनवरची मालिका पाहिली होती आणि शेजारणीकडचा फराळ खाल्ला होता. हे त्यांनी गुरुजींसमोर सांगितले नाही. रात्री सुनेला सांगितले.

गुरुजींनी तोडगा काढला. राहिलेले श्राद्ध अमावास्येला करता येते, असे त्यांनी सांगितले आणि तसे ते झाले. अमावास्या आदल्या दिवशी दुपारी किती वाजता लागते, हे बाईंनी त्यांच्या पंचांगात स्वतः पाहून घेतले. चष्मा काढून, पान डोळ्यांजवळ नेऊन. पुढच्या पाडव्याआधी त्यांनी सुनेकरवी नवे पंचांग मागवले. धाकटा मुलगा अजूनही मोबाइलवरच पाहतो. फक्त आता ‘सविस्तर’ उघडतो आणि आईला फोन करून वेळ जुळते का ते विचारतो.